डिस्टिलरीच्या सीओटूपासून एन्झाइमने मिथेनॉल? चेअरमनना काय सांगू?

मळीवाला

मंडळी, नमस्कार. इथं साखरवाले आणि बायोकेमवाले दोन्ही आहेत म्हणून विचारतोय.

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. ६० केएलपीडीचा (दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉलचा) प्लांट, बी-हेवी मळीवर, म्हणजे थोडी जास्त साखर राहिलेल्या मळीवर. फर्मेंटरमधून (मळी आंबवायच्या टाकीतून) निघणारा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आजवर स्क्रबरमधून नेऊन वर सोडून देतोय. बॉटलिंगचा, म्हणजे तो सिलिंडरमध्ये भरून विकायचा विषय दर वर्षी निघतो आणि दर वर्षी पुढच्या हंगामावर जातो.

मागच्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस येऊन मीटिंग हॉलमध्ये प्रेझेंटेशन देऊन गेला. तीन एन्झाइम्स मण्यांमध्ये बसवलेली, मणी कॉलममध्ये भरलेले, खालून सीओटू सोडायचा आणि वरून मिथेनॉल घ्यायचं. प्रेशर नको, बॉयलर नको, सगळं ३० डिग्रीला. त्याच्या म्हणण्यानुसार एकदा भरलेले मणी वर्षभर चालतात. खिशातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली, आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी. चेअरमननी बाटली हातात घेऊन उजेडात धरली तेव्हाच मी ओळखलं की आता प्रकरण माझ्या गळ्यात येणार.

आलंच. पायलट स्किड, म्हणजे छोटा चाचणी प्लांट बसवायचा, निम्मा खर्च कारखान्याचा. एमडी साहेबांनी सांगितलंय, बोर्डाच्या मीटिंगआधी एका पानात टेक्निकल ओपिनियन द्या. माझं शिक्षण बी.एस्सी. आणि नंतर व्हीएसआयचा (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा) अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा कोर्स. एन्झाइम म्हणजे माझ्यासाठी यीस्टच्या पोटात जे काही चालतं ते. यात तथ्य किती? आणि त्या माणसाला नेमकं काय विचारू म्हणजे दोन्ही बाजूंना वाईट वाटणार नाही?

फुकटचा_सल्ला

चेअरमनना म्हणावं, आधी मागच्या हंगामाची एफआरपी (उसाचा ठरलेला दर) पूर्ण द्या, मग हवेतून इंधन काढा.

बफर_साडेसात

मळीवाले दादा, एका शब्दातलं उत्तर "नको" असं आहे, पण ते बोर्डासमोर टिकणार नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. माझी पीएच.डी. याच साखळीतल्या पहिल्या एन्झाइमवर झाली. सध्या ज्यूस आणि स्टार्चवाल्यांना एन्झाइम्स पुरवणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे विकणारा काय बोलतो आणि काय गाळतो तेही थोडं कळतं.

आधी त्या माणसाच्या बाजूने बोलते. तो थाप मारत नाहीये. १९९९ साली अमेरिकेत सदर्न इलिनॉय विद्यापीठातल्या ओबर्ट आणि दवे या दोघांनी हीच तीन एन्झाइम्स सिलिकाच्या जेलमध्ये कोंडून सीओटूपासून मिथेनॉल मिळवून दाखवलं. फॉर्मेट डिहायड्रोजनेज सीओटूचं फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचं रूप) करतं, दुसरं एन्झाइम त्याचं फॉर्मॅल्डिहाइड, आणि तिसरं, अल्कोहोल डिहायड्रोजनेज, त्याचं मिथेनॉल. हे तिसरं तुमच्या ओळखीचं आहे, तुमच्या यीस्टमध्ये शेवटच्या पायरीला तेच राबतं. तेव्हापासून सिलिका, अल्जिनेट, कायटोसान, पॉलिमरचे पडदे, जे हाताला लागेल त्यात लोकांनी ही एन्झाइम्स बसवून पाहिली आहेत.

एन्झाइम बसवणं हेही काही नवलाचं नाही. जपानच्या तानाबे कंपनीने १९६९ मध्ये अमिनो आम्लं वेगळी करायला बसवलेलं एन्झाइम कारखान्यात चालवलं. मक्याच्या ग्लुकोजचं फ्रुक्टोज सिरप करणारे कॉलम जगभर याच पद्धतीवर आहेत, एकदा भरले की महिनोन् महिने चालतात. पेनिसिलिनपासून ६-एपीए (नव्या अँटिबायोटिक्सचा कच्चा माल) करणाऱ्या औषध कारखान्यांतही तेच. म्हणजे "मणी टिकतात" या दाव्यावर त्याला धरू नका, तिथे तो उदाहरणं देऊन सुटेल.

त्याला विचारायचं ते हे: इलेक्ट्रॉन कुठून आणणार?

सीओटू म्हणजे जळून झालेला कार्बन. त्याचं परत इंधन करायचं तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, किमान तेवढी परत घालावी लागते. एन्झाइम ही ऊर्जा पुरवत नाही, ते फक्त रस्ता सोपा करतं. या तिन्ही पायऱ्यांवर इलेक्ट्रॉन आणून देणारा रेणू वेगळा, त्याचं नाव एनएडीएच. प्रत्येक पायरीला एक, म्हणजे मिथेनॉलच्या एका रेणूमागे तीन. आता वजनात बघा. एक मोल मिथेनॉल म्हणजे ३२ ग्रॅम. तीन मोल एनएडीएच, बाजारात मिळतं त्या सोडियम सॉल्टच्या रूपात, दोन किलोच्या वर. ३२ ग्रॅम मिथेनॉलला दोन किलो! आणि हे रसायन ग्रॅमच्या बाटलीत, बर्फाच्या पाकिटासोबत येतं. ज्या लॅबमध्ये मी होते तिथे त्या बाटलीचं बूच कोणी उघडं ठेवलं तर गाइड आवाज चढवायचे.

म्हणून सगळे एनएडीएच "रिसायकल" करतात. पेपरांमध्ये त्याची नेहमीची पद्धत म्हणजे भांड्यात ग्लुकोज आणि ग्लुकोज डिहायड्रोजनेज टाकायचं. एक ग्लुकोज, एक एनएडीएच. म्हणजे ३२ ग्रॅम मिथेनॉलसाठी तीन मोल, ५४० ग्रॅम ग्लुकोज. तेवढंच ग्लुकोज तुमच्या फर्मेंटरला दिलंत तर हिशोबाने २७६ ग्रॅम इथेनॉल येतं, तेही रोजच्या यीस्टने. साखर कारखान्याला हे गणित मी काय समजावणार!

दुसरी अडचण दिशेची. पहिलं एन्झाइम, फॉर्मेट डिहायड्रोजनेज, स्वभावाने उलट्या बाजूला धावतं. फॉर्मेट दिलं तर ते जोरात सीओटू आणि एनएडीएच करतं. सीओटूकडून फॉर्मेटकडे जायचं तर सुमारे ०.१ व्होल्टचा चढ आहे आणि पुढची पायरी, फॉर्मेटचं फॉर्मॅल्डिहाइड, याहून अवघड. औषधाला लागणारं टर्ट-ल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल जर्मनीत मोठ्या प्रमाणावर करतात, त्यात कॅन्डिडा बॉइडिनी या यीस्टचं हेच एन्झाइम वापरतात. कशासाठी? फॉर्मेट खर्ची घालून एनएडीएच परत मिळवायला. सीओटू त्यात बुडबुड्यांनी निघून जातो आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. बाजारात ज्या कामासाठी हे एन्झाइम खरोखर खपतं ते तुमच्या माणसाच्या कामाच्या बरोबर उलटं आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या धंद्यातली. तुमच्या वॉशमध्ये (आंबवून झालेल्या मळीत) किती अल्कोहोल असतं? आठ-दहा टक्के असेल. या एन्झाइमच्या भांड्यांत मिथेनॉल मिलिमोलरमध्ये मोजतात. एक मिलिमोलर म्हणजे लिटरला ३२ मिलिग्रॅम, टक्क्यांत ०.००३. दहा मिलिमोलर झालं तर शाबासकी मिळते, ते ०.०३ टक्के. हे डिस्टिल करायला लागणारी वाफ कोणत्या खात्यात टाकणार? प्रेझेंटेशनमध्ये "यील्ड ९० टक्के" असं काही असेल तर विचारा, कशाच्या ९० टक्के. बहुतेक वेळा ते घातलेल्या एनएडीएचच्या हिशोबाने असतं, सोडलेल्या सीओटूच्या नव्हे.

लांबलं खरं. बाकी विचारा.

को_जन_अभियंता

ताईंचा "इलेक्ट्रॉन कुठून" हा प्रश्न आमच्या विजेच्या युनिटमध्ये मांडतो. ६० हजार लिटर इथेनॉल, लिटरमागे हिशोबाने ०.७५ किलो सीओटू, म्हणजे दिवसाला ४५ टन. सगळा सापडत नाही, पण धरू. त्याचं मिथेनॉल करायला साधारण ६ टन हायड्रोजन लागतो, किंवा तेवढेच इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणत्याही वाटेने. इलेक्ट्रोलायझरला किलोमागे ५० ते ५५ युनिट लागतात. म्हणजे दिवसाला सव्वातीन लाख युनिटच्या आसपास, चोवीस तास साडेतेरा मेगावॅट. हातात येणार ३३ टन मिथेनॉल, ज्यात उष्णता मोजली तर एक लाख ऐंशी हजार युनिटची.

हंगामात बगॅसवर आपण ग्रिडला जी वीज विकतो ती बहुतेक सगळी यातच जाणार. आणि हंगाम संपल्यावर काय, महावितरणकडून विकत घ्यायची? एन्झाइम वापरा नाहीतर आणखी काही वापरा, हा आकडा खाली येत नाही.

मळीवाला

ताई, अभियंता साहेब, मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलेत.

आज त्या माणसाला फोन लावून इलेक्ट्रॉनचंच विचारलं. जरा थांबला. मग म्हणाला, "आमचं रिजनरेशन इलेक्ट्रोकेमिकल आहे, सोलरवर चालतं, ग्लुकोज लागत नाही." डेटा मागितला तर म्हणाला एनडीए (गुप्ततेचा करार) करावा लागेल. पण एक डेमो द्यायला तयार आहे, आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच फर्मेंटरचा गॅस घेऊन. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारं यंत्र) आमच्याकडे आहेच, आरएस-ईएनए (रेक्टिफाइड स्पिरिट आणि शुद्ध अल्कोहोल) तपासायला.

मण्यांची ती बाटली एमडींच्या टेबलावरून माझ्याकडे आलीय. आमच्याकडे पीएच मीटर, साधा स्पेक्ट्रो (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र), जीसी आणि नेहमीची काचेची भांडी. यावर मी काय तपासू शकतो? आणि डेमोच्या वेळी नजर कशावर ठेवू?

बफर_साडेसात

वा, मणी हातात आले म्हणजे बरंच झालं.

पहिलं काम: दहा-बारा मणी ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७ च्या आसपास, रात्रभर ठेवा. शेजारी तेवढेच मणी साध्या डिस्टिल्ड पाण्यात. सकाळी फॉस्फेटमधले फुगून चिखल झाले आणि पाण्यातले तसेच राहिले तर ते कॅल्शियम अल्जिनेट. सोडियम अल्जिनेटचं द्रावण सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडलं की हे मणी तयार होतात, बारावीचं पोरगंही करेल. कॅल्शियमने ते धरलेले असतात आणि फॉस्फेट तो कॅल्शियम ओढून घेतं. शिवाय अल्जिनेटची छिद्रं मोठी, एन्झाइम हळूहळू पाझरून बाहेर येतं. ग्लुटराल्डिहाइडने गाठी मारल्या तर थोडं थांबतं, पण मग ॲक्टिव्हिटी पडते. वर्षभर टिकणारे मणी या जातीचे नसतात.

आता डेमो. तुमच्याच फर्मेंटरचा गॅस घेऊन करणार हे ऐकून मला हसू आलं, कारण त्यात सगळ्यात मोठी खोच आहे. फर्मेंटरच्या गॅसमध्ये सीओटूसोबत थोडं इथेनॉल येतं आणि थोडं ॲसिटाल्डिहाइड. मण्यांमध्ये अल्कोहोल डिहायड्रोजनेज आहे आणि एनएडीएच घातलंय. ॲसिटाल्डिहाइड दिसलं की ते त्याचं इथेनॉल करणारच, तेच त्याचं जन्माचं काम. एनएडीएच खर्च होताना दिसेल, जीसीवर अल्कोहोलचा पीक दिसेल, आणि सीओटूला कोणी हातही लावलेला नसेल. तेव्हा जीसीवर मिथेनॉल आणि इथेनॉल स्पष्ट वेगळे दाखवणारी तुमची पद्धत लावा, आणि कॉलममध्ये शिरण्याआधीचा गॅस पाण्यात धरून त्याचाही रन घ्या. मिथेनॉलचा किंचित अंश मुळातच गॅससोबत आला असेल तर तो तिथे दिसेल.

स्पेक्ट्रो आहे म्हणालात म्हणून हे सांगते, लॅबमध्ये नवी आलेली प्रत्येक मुलगी आणि मुलगा इथे फसतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, एनएडी, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन रिकामं झालेलं रूप, शोषत नाही. त्यामुळे ३४० चं रीडिंग खाली आलं की "रिॲक्शन झाली" म्हणतात. पण सीओटूचे बुडबुडे सोडले की पातळ बफरचा पीएच साडेसातवरून भराभर खाली येतो, आणि आम्लात एनएडीएच आपोआप मोडतं, फॉस्फेट असेल तर आणखी लवकर. एन्झाइम नसलं तरी! तुम्ही समोर बसून रीडिंग पडताना बघता, टाळ्या वाजतात, आणि क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रोच्या काचेच्या कुपीत) एन्झाइमचा पत्ताच नसतो. म्हणून पीएच मीटरची नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत भांड्यातच राहू द्या. एक भांडं मणी न घालता चालवा. एक भांडं मणी घालून, पण सीओटूऐवजी नायट्रोजन सोडून चालवा. नायट्रोजनच्या भांड्यातही तेवढंच "मिथेनॉल" आलं तर चहा पाजून निरोप द्या.

इलेक्ट्रोकेमिकल रिजनरेशनचं म्हणाल तर कल्पना चांगली आहे, पण साध्या इलेक्ट्रोडवर एनएडीला इलेक्ट्रॉन दिले की बरेचसे रेणू दोन-दोन मिळून डायमर होतात किंवा हायड्रोजन भलत्या जागी बसतो, आणि असं एनएडीएच एन्झाइमला चालत नाही. यावर ऱ्होडियमचं एक कॉम्प्लेक्स मध्यस्थ म्हणून वापरतात, ते बरोबर जागी हायड्रोजन बसवतं. ऱ्होडियमचा भाव बघा आणि त्याला विचारा की लिटरमागे किती घालता. सोलरवर चालतं हे वाक्य साडेतेरा मेगावॅटचं उत्तर नाही, फक्त जागेचा प्रश्न वाढवतं.

फुकटचा_सल्ला

ताई, एवढं सगळं वाईटच असेल तर लोक यावर पंचवीस वर्षं काय करतायत? ग्रांट खातायत?

बफर_साडेसात

काही जण खातात, नाही म्हणत नाही. स्वतः मीही त्याच फेलोशिपवर जेवले आहे.

पण विषय मेलेला नाही, फक्त चांगलं काम वेगळ्या दिशेला गेलंय. एनएडीएचला बाजूला सारायचं, हा त्यातला खरा मुद्दा. २००८ मध्ये केंब्रिजच्या जूडी हर्स्ट यांच्या गटाने टंगस्टन असलेलं फॉर्मेट डिहायड्रोजनेज थेट इलेक्ट्रोडवर बसवून सीओटूचं फॉर्मेट करून दाखवलं, मध्ये एनएडीएच नाही, आणि जवळजवळ काहीच ऊर्जा वाया न घालवता. २०१३ मध्ये फ्रँकफुर्टच्या फोल्कर म्युलर यांच्या प्रयोगशाळेतून ॲसिटोबॅक्टेरियम वूडाय या जिवाणूचं एक एन्झाइम पुढे आलं, जे हायड्रोजन आणि सीओटू घेऊन सरळ फॉर्मेट करतं. ते वाचलं त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये चहा गार होईपर्यंत वाद झाला होता, कारण आम्ही जे यीस्टचं एन्झाइम घासत बसलो होतो त्याच्यापुढे हे कुठल्या कुठे होतं. अडचण एकच: अशी धातूवाली एन्झाइम्स ऑक्सिजनला फार घाबरतात. ती ग्लोव्हबॉक्समध्ये (हवा न शिरणाऱ्या पेटीत) राहतात, डिस्टिलरीत नाही. आणि मिळतं ते फॉर्मेट, मिथेनॉल नव्हे. फॉर्मेट हे इंधन म्हणून नाही, पण रसायन म्हणून कामाचं आहे.

दुसरी वाट म्हणजे एन्झाइम बाहेर काढायचंच नाही, जिवंत जिवाणू वापरायचा. लान्झाटेकने चीनमध्ये शौगांगच्या स्टील कारखान्यापाशी २०१८ पासून गॅसवर क्लॉस्ट्रिडियम वाढवून इथेनॉल काढलं. तिथे कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यातच ऊर्जा असते, म्हणून जमतं. आणि पेशी आपली एन्झाइम्स स्वतःच पुन्हा बनवते, आपलं एनएडीएच स्वतःच भरून घेते. मण्यातल्या एन्झाइमला यातलं काहीच येत नाही. तुमच्या फर्मेंटरच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड नाही, त्यामुळे तीही वाट तुम्हाला बंद.

सीओटूपासून मिथेनॉल करणारे खरे प्लांट जगात आहेत, पण त्यांच्यात एन्झाइम नाही. आइसलँडमध्ये स्वार्टसेंगीला भूगर्भातल्या वाफेसोबत येणारा सीओटू आणि स्वस्त वीज, वर्षाला ४,००० टनांच्या क्षमतेचा उभारला होता. चीनमध्ये आन्यांगला २०२२ पासून वर्षाला १,१०,००० टनांचा. आपल्याकडे एनटीपीसीने विंध्याचलला दिवसाला १० टनांचा उभारला. या सगळ्यांत हायड्रोजन, धातूचा कॅटॅलिस्ट, दोन-अडीचशे डिग्री आणि चांगलं दणकट प्रेशर.

आणि मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण त्यांजिनचं. तिथल्या लोकांनी २०२१ मध्ये सीओटूपासून स्टार्च केलं, पेशीशिवाय, एन्झाइम्सच्या साखळीने. सगळीकडे गाजलं. पण त्या साखळीची पहिली पायरी काय होती? सीओटूचं मिथेनॉल, आणि ते त्यांनी झिंक-झिर्कोनियमच्या कॅटॅलिस्टने केलं. एन्झाइम्स मिथेनॉलपासून पुढे लावली. एन्झाइम्सवर जीव असलेल्या माणसांनी नेमकी ही पायरी धातूकडे सोपवली, हे तुमच्या टेक्निकल ओपिनियनमध्ये एका ओळीत घाला.

संत्रानगरी

नागपूरहून. एन्झाइम आणि सीओटू यांची जोडी चांगली जमते अशी एक जागा राहून गेली: कार्बोनिक अनहायड्रेज. हे आपल्या रक्तातही असतं, एक रेणू सेकंदाला लाखो सीओटू पाण्यात मिसळून बायकार्बोनेट करतो. यात इलेक्ट्रॉन लागत नाहीत, चढ नाही, म्हणून पळतं. इथे नीरीमध्ये (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) कायटोसानसारख्या मण्यांवर हे एन्झाइम बसवून सीओटूचं कार्बोनेट करण्याचं बरंच काम झालंय. कॅनडात क्युबेकमधल्या सेंट-फेलिसियाँच्या पल्प मिलमध्ये याच एन्झाइमच्या मदतीने सीओटू पकडून शेजारच्या काकडीच्या ग्रीनहाउसला देण्याचा प्लांट उभा राहिला.

पण मळीवाले भाऊ, तुमचा गॅस आधीच जवळजवळ शुद्ध आहे. पकडायची गरज त्यांना, ज्यांच्या चिमणीत दहा-पंधरा टक्के सीओटू आणि बाकी नायट्रोजन. तुम्ही तर ताटात वाढलेलं घेऊन बसलाय.

को_जन_अभियंता

आणि एक व्यवहाराचं कोणी बोललंच नाही. डिस्टिलरीच्या आवारात मिथेनॉल? इथेनॉलच्या टाक्या, ईएनए, आणि शेजारी मिथेनॉलची टाकी? त्याला विष म्हणून वेगळा परवाना लागतो आणि राज्य उत्पादन शुल्कवाले रोज गेटवर उभे राहतील. २०१५ साली मालाड-मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली, तेव्हापासून या शब्दावर अधिकाऱ्यांचे कान उभे राहतात. चूक एका व्हॉल्व्हची होईल आणि नाव कारखान्याचं जाईल. बोर्डाला इलेक्ट्रॉन कळले नाहीत तरी हे नक्की कळेल.

मळीवाला

हे शेवटचं वाचून एमडी साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. बाकीचं सगळं त्यांनी "हं, हं" करत ऐकलं होतं.

रिपोर्ट: मणी फॉस्फेटमध्ये रात्री टाकले, सकाळी तळाला लगदा. पाण्यातले टणक. फोटो काढून ठेवलेत. त्या माणसाला सांगितलं तर म्हणाला, "ते डेमोचे मणी आहेत, प्लांटचे वेगळे असतात." बरं.

मी ओपिनियन लिहिलं. पायलटला आत्ता पैसे घालू नयेत, कंपनीला स्वखर्चाने डेमो करायचा असेल तर करू द्यावा, नायट्रोजनच्या भांड्यासकट. आणि सीओटूसाठी बॉटलिंगवाल्यांचे कोटेशन पुन्हा मागवावेत. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात वेल्डिंगवाले आणि कोल्ड्रिंकवाले घेणारे आहेतच. गॅसमधलं ॲसिटाल्डिहाइड आणि सल्फर काढायला परमँगनेट स्क्रबर आणि कार्बन बेड लागेल, ते आम्हाला जमण्यासारखं आहे. चेअरमन थोडे हिरमुसले, पण बॉटलिंगच्या फाइलवर सही झाली. पेपरात "सीओटूतून उत्पन्न" असं छापून आणता येईल म्हणाले.

ताई, एक शेवटचं. कंपनीने डेमोसाठी खुणेचा कार्बन वापरायची तयारी दाखवलीय, कार्बन-१३ चं (थोड्या जड कार्बनचं, म्हणजे तो कुठे गेला ते ओळखता येतं) बायकार्बोनेट ते आणणार. नमुना एनएमआरला (कार्बन कोणत्या रेणूत आहे ते दाखवणाऱ्या तपासणीला) आम्हीच पाठवायचा म्हणतोय. पुण्याला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) सोय आहे ना? पाठवताना काय काळजी घेऊ?

बफर_साडेसात

एनसीएलमध्ये एनएमआरची मोठी सोय आहे. बाहेरच्यांचे नमुने फी भरून कसे घेतात ते आधी फोनवर विचारून घ्या. कार्बन-१३ च्या स्पेक्ट्रममध्ये मिथेनॉल ४९ पीपीएमच्या आसपास (हा पीपीएम म्हणजे आलेखावरची जागा, प्रमाण नव्हे), फॉर्मेट १७१ ला आणि न वापरलेलं बायकार्बोनेट १६१ ला दिसेल. १६१ चा मोठा पीक आणि ४९ ला सपाट रेघ, असं आलं तर तुमचं काम झालं. १७१ ला थोडं काही दिसलं तर पहिलं एन्झाइम जिवंत आहे, एवढं श्रेय त्याला द्या.

नमुना काढल्यावर मणी लगेच गाळून वेगळे करा, नाहीतर रस्त्यातही रिॲक्शन चालू राहील. स्क्रू-कॅपची काचेची वायल घ्या, काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका, मिथेनॉल उडून जातं. झाकणाला पॅराफिल्म. बर्फात ठेवून रात्रीच्या बसने पाठवा. नायट्रोजनच्या भांड्याचा नमुनाही सोबत द्या आणि दोन्ही वायलवर नुसते नंबर घाला. कोणता नंबर कशाचा, ते फक्त तुमच्या वहीत. कंपनीच्या माणसाला पॅकिंग करू देऊ नका, आग्रह केला तरी.

आणि ४९ पीपीएमला खरंच ठसठशीत पीक आला, तर त्याचा नंबर मला पाठवा. आमच्याकडे जागा रिकामी आहे.